हरिश्चंद्रगड पहिल्यांदा करतोयस तर...

लाँग वीकेंड टाळ रे, मधल्या वारी सुट्टी काढून जा, नाहीतर कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या त्या प्रचंड उभ्या कड्यावर, टेंटची नुसती जत्रा असते आणि कडा कमी, माणसंच जास्त दिसतात. चढायला पाचनई गावातली वाट घे, नवख्याला तीच बरी, खड्या घळीतून चढणारी अवघड नळीची वाट वगैरे आत्ता डोक्यातून काढ. जेवण गावातच सांगून ठेव, पिठलं-भाकरी एक नंबर मिळते आणि चार पैसे गावात राहतात, पुण्याहून चिप्सची पोती वाहून नेऊन रॅपर वर उडवण्यापेक्षा बरं ना. हा अख्खा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणजे शेकोटीला फांद्या तोडणं, स्पीकर लावणं विसर. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरायचा मोह होईल, पण साबण-शांपू नको बाबा, असले महाभाग बघितलेत मी! पावसात पायवाट सोडून शॉर्टकट मारू नकोस, माती सुटते, पाणी त्याच वाटेनं धावतं आणि हळूहळू घळ पडते, शिवाय कारवीची झुडपं तुडवली जातात ती वेगळीच, सात-आठ वर्षांनी एकदा फुलतात ती. आणि हो, कड्यावर वारा खालून वर येतो, टोपी सांभाळ.