पिंग जातो पण यादी अडकते: पॅकेटचा आकार तपासा

नवी पेठेतल्या दुकानातून एमआयडीसीतल्या कारखान्याच्या सर्व्हरला व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीने) जोडल्यावर पिंग (सर्व्हर पोचतोय का ते पाहणारी छोटी हाक) झकास येतो, लॉगिनही होतं, पण बिलांची यादी उघडली की चक्र फिरतच राहतं, असं तुम्ही लिहिलंय. नुसती लाइन स्लो असती तर यादी उशिरा का होईना, आली असती. इथे संशय एमटीयूवर घ्यायचा, म्हणजे एका पॅकेटच्या (डेटाच्या एका गठ्ठ्याच्या) कमाल आकारावर.

विंडोजचा साधा पिंग ३२ बाइट डेटा नेतो, हेडर (पॅकेटवरचा पत्ता वगैरे) धरून ६०. यादीची पॅकेटं १५०० बाइटपर्यंत जातात. गल्लीतून सायकल गेली म्हणून ट्रक जाईलच असं नाही. वाटेतले राउटर दाखवणारा ट्रेसर्टही छोटीच पॅकेटं पाठवतो, त्यामुळे त्यातून हे कळत नाही. (त्यात मधे दिसणाऱ्या * या चांदण्यांना घाबरू नका. तो राउटर उत्तर देत नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ.)

टीसीपी (यादी ज्या पद्धतीने येते ती) जोडणी होताना दोन्ही बाजू आपापला एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात मावणारा डेटा, सांगतात, इथरनेटवर तो १४६०. हे बोलणं छोट्या पॅकेटांत होतं, म्हणून जोडणी बिनबोभाट होते. वाटेत पीपीपीओई (ब्रॉडबँडला लॉगिन करून जोडायची पद्धत) असेल तर ८ बाइट तिथे जातात, उरतात १४९२. त्यावर व्हीपीएनचं वेष्टण, वायरगार्ड हा व्हीपीएन असेल तर आयपीव्ही४ वरून ६० बाइट आणि आयपीव्ही६ वरून ८०. सर्व्हरला यातलं काही ठाऊक नसतं. तो १५०० चं पॅकेट 'तुकडे करू नका' या डीएफ खुणेसह पाठवतो. राउटर ते टाकून देतो आणि 'एवढं मोठं जात नाही, इतकंच पाठव' असा आयसीएमपी (नेटवर्कच्या सूचनांचा) निरोप उलट धाडतो (टाइप ३, कोड ४). पण सुरक्षेच्या नावाखाली कुणीतरी फायरवॉलमध्ये आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. निरोप पोचत नाही, सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, दर वेळी दुप्पट थांबून. तुमचं चक्र फिरतं ते यामुळे.

तपासायला व्हीपीएन चालू ठेवून सर्व्हरच्या आतल्या आयपीवर पिंग द्या: -एफ (तुकडे करू नका), आणि -एल (डेटाचा आकार) पुढे १४७२. नाही गेला तर १० ने कमी करत या, जाऊ लागला की एकेकाने वाढवून नेमका आकडा काढा. त्यात हेडरचे २८ मिळवले की वाटेचा एमटीयू. 'पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड' असं उत्तर आलं तर बहुधा निदान निरोप तरी येतोय. नुसतं 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर तो बहुधा वाटेत गिळला जातोय. हीच चाचणी सर्व्हरकडून दुकानाकडेही करा, कारण मोठी पॅकेटं त्याच दिशेने येतात आणि पिंगच्या उत्तरावर डीएफ असेलच असं नाही.

समजा १३७२ पर्यंत गेला. म्हणजे एमटीयू १४००. टनेलच्या (व्हीपीएनच्या वाटेच्या) दोन्ही टोकांना तोच द्या, एकाच टोकाला देऊन काम अर्धवट राहतं. राउटरमध्ये 'एमएसएस क्लॅम्प' (एमएसएसवर मर्यादा घालणारी सोय) असेल तर १३६० टाका, म्हणजे १४०० वजा हेडरचे ४०. क्लॅम्प फक्त टीसीपीला लागू पडतो. यूडीपी या दुसऱ्या पद्धतीने येणारं कॅमेऱ्याचं चित्र त्याने सुधारणार नाही, तिथे एमटीयूच हवा. फायरवॉलमध्ये टाइप ३ कोड ४ मोकळा करा, बाकी आयसीएमपीचं काय ते नंतर ठरवा.

आकडा काढायचा कंटाळा म्हणून थेट १२८० टाकला तरी चालेल. हेडरचा खर्च २.७ टक्क्यांवरून ३.१ होईल, बिलाच्या यादीत तो जाणवत नाही. त्याखाली मात्र जाऊ नका, आयपीव्ही६ ला किमान तेवढा लागतो.