सैद्धांतिक कणभौतिकीतल्या संशोधकाचं काम किती मोलाचं, हे कसं तपासायचं?

धुळ्यात एम.एस्सी. करताना पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडायचा आहे, तर त्याचं संशोधन कसं जोखायचं, असं तुम्ही विचारलंय. इन्स्पायर-हेप ही कणभौतिकीतल्या निबंधांची आणि त्यांना मिळालेल्या संदर्भांची मोफत ऑनलाइन सूची उघडा, जळगाव-धुळ्याच्या मोबाइल डेटावरही चालते. फक्त नाव टाकून शोधू नका. आपल्याकडे एस. पाटील किती, हे वेगळं सांगायला नको. दोघातिघांचे निबंध एकाच्या नावावर दिसतात. संशोधकाचं स्वतंत्र प्रोफाइल उघडा आणि त्याने स्वतःच स्वतःच्या निबंधांना दिलेले संदर्भ वगळून आकडे बघा.

एच-निर्देशांक २० म्हणजे किमान २० निबंधांना प्रत्येकी २० किंवा जास्त संदर्भ. पण लेखकसंख्या बघितल्याशिवाय तुलना करू नका. सिद्धांताच्या निबंधावर बहुधा एक ते पाच नावं असतात. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या प्रायोगिक निबंधावर पाच हजारांहून जास्त होती. नावं आडनावाच्या वर्णक्रमाने येतात, त्यामुळे पहिलं नाव म्हणजे मुख्य लेखक नव्हे.

सगळ्यात मोठी फसगत लाटेमुळे होते. डिसेंबर २०१५मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या आकडेवारीत ७५० जीइव्हीजवळ (जीइव्ही हे ऊर्जेचं एकक) नव्या कणाची शक्यता सुचवणारा उंचवटा दिसला. त्यावर शेकडो सैद्धांतिक निबंध आले, एकमेकांचे संदर्भ वाढले आणि ऑगस्ट २०१६मध्ये अधिक आकडेवारीत तो उंचवटाच विरला. उलट, विद्युतचुंबकीय आणि क्षीण बलांना एकत्र आणणाऱ्या स्टीव्हन वाइनबर्ग यांच्या १९६७च्या जेमतेम तीन पानी निबंधाकडे सुरुवातीची काही वर्षं फारसं कुणी पाहिलं नाही. १९७१मध्ये गेरार्ड ’ट होफ्ट यांनी अशा सिद्धांतांचं पुनर्सामान्यीकरण होतं, म्हणजे गणितात येणारी अनंत उत्तरं काढून टाकता येतात, हे दाखवल्यावर चित्र पालटलं.

म्हणून गेल्या पाच वर्षांतले तीन निबंध आर्काइव्ह (arXiv) या निबंधांच्या मोफत संकेतस्थळावरून उतरवून प्रस्तावना नीट वाचा. विद्यार्थी सहलेखक आहेत का, तेही बघाच.