वाचकांचे प्रश्न: दौऱ्यावरची सायकल दुकानं

कोणत्याही मोठ्या साखळीत नसलेली, मालक स्वतः गल्ल्यावर आणि मेकॅनिक मागच्या खोलीत असलेली सायकल दुकानं. अशा दुकानांना कामानिमित्त भेटी देणाऱ्यांची बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली काही, आणि गल्ल्याच्या पलीकडून आलेलं एक, या वेळी घेतलं आहे.

प्रश्न: सुट्या भागांच्या वितरकाकडे मी नुकताच रुजू झालो. गाडीनं 5 दिवसांचा दौरा आहे आणि यादीत 22 दुकानं. रोज किती धरावीत? कोणत्या वेळी गाठावीत?

पहिले 4 दिवस रोज 5 आणि शेवटच्या दिवशी सकाळी 2. त्या दिवसाची दुपार मोकळीच ठेवा, कारण कुठल्या तरी दुकानानं "परवा या" म्हटलेलं असतं. एका भेटीला दुकानात 40 मिनिटं धरा. त्यातली मालकाची जेमतेम 15 तुमच्या वाट्याला येतात, बाकीची गिऱ्हाइकं घेऊन जातात. गाडी लावणं आणि निघण्यापूर्वी गाडीतच बसून टिपण लिहिणं याला आणखी 20. म्हणजे दुकानामागे 1 तास, रस्त्यावरचा वेळ वेगळा. दिवसाला सहावं दुकान घुसवलं की सगळ्यात आधी टिपण बुडतं, आणि संध्याकाळी कोणी काय मागितलं होतं याची खिचडी होते.

शटर उघडल्यावरचा पहिला अर्धा तास टाळा. सायकली बाहेर मांडायच्या असतात, कामावर जाता जाता कोणी तरी दुरुस्तीला सायकल टाकून जात असतं. संध्याकाळी तीच माणसं सायकल न्यायला येतात, तेव्हाही नको. सकाळ सरल्यापासून दुपार उतरेपर्यंतचा वेळ तुमचा. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या सायकलींची रांग लागलेली असते. त्या दिवशी दूरचा प्रवास उरकावा. दुकानाची आठवडी सुट्टी आधी फोन करून विचारून घ्या. फोनवर "येऊ का?" असं मोघम विचारू नका. "अकरा ते साडेअकरा येतो, वीस मिनिटं, कॅसेट आणि ब्रेक पॅडविषयी" असं सांगितलं की माणूस वेळ काढतो. (कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्र्यांचा संच.)

आणि गाडी दारासमोर लावू नका. ती जागा गिऱ्हाइकाची.

प्रश्न: जाल तिथं मालक "सध्या काही नको" म्हणतात. पुढे बोलणं कसं वाढवायचं?

ते बहुतेक वेळा खरंच असतं. कॅटलॉगमधलं काही नको असतं. पण मागच्या खोलीत काही ना काही अडलेलं असतं, आणि ते मेकॅनिकला ठाऊक असतं. मालकाची परवानगी घेऊन तिकडे जा आणि भंगाराची पेटी बघा. आमच्या मते संपूर्ण दुकानात इतकी खरं बोलणारी वस्तू दुसरी नाही.

पेटीत झिजलेल्या चेनी भरपूर आणि कॅसेट मोजक्या असतील, तर दुकान वेळेवर चेन बदलतंय. तिथं चेनी खपतील. उलट, कॅसेट आणि पुढच्या चक्र्याच जास्त दिसल्या तर चेन उशिरा बदलल्या जाताहेत. पिना आणि त्यांच्याभोवतीचे भाग झिजून चेन लांबते, लांबलेली चेन दात कोरत जाते, आणि मग कोरलेल्या दातांवर नवी चेन जोर लावला की सटकते. गिऱ्हाईक म्हणतं, "नवी चेन खराब निघाली." अशा दुकानात कॅसेट विकायच्या आधी चेन चेकर (चेन किती लांबली ते मोजायचं हत्यार) द्या. 11 आणि 12 गिअरची (म्हणजे मागे तितक्या चक्र्यांची) चेन 0.5 टक्के लांबली की बदलावी, 10 किंवा कमी गिअरची 0.75 टक्क्यांवर. चेकर नसेल तर साधी पट्टीही चालते. चेन ताणून 24 जोड पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत मोजा: नवी 304.8 मिलिमीटर भरते, 306.3 म्हणजे 0.5 टक्के, 307.1 म्हणजे 0.75.

पेटीत वाकलेले डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्यानं जोडतात तो छोटा तुकडा) पडले असतील तर ते उचलून नीट बघा. हँगरचे आकार शेकड्यांनी आहेत आणि नेमका तोच दुकानात नसतो, म्हणून सायकल आठवडा आठवडा अडकून पडते. 2019 मध्ये सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीनं आणलेला सर्वांसाठी एकच असा यूडीएच हँगर आता अनेक कंपन्यांच्या माउंटन फ्रेमवर येतो, पण आधीच्या फ्रेमींना तो लागत नाही. दुकानात कोणत्या फ्रेमी जास्त येतात ते विचारून त्यांचे 5-6 आकार प्रत्येकी दोन द्या. मोठं खोकं गळ्यात मारू नका.

प्रश्न: एका मेकॅनिकची तक्रार आहे, आमची कॅसेट त्याच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) घट्ट बसत नाही, कटकट हलते. दुसऱ्याची तक्रार, बसतच नाही. दोघांनी मागवली होती ती 'शिमानो पद्धतीची'. चूक कोणाची?

चूक मागणीच्या भाषेची. शिमानो ही भाग बनवणारी कंपनी, नुसतं 'शिमानो पद्धत' म्हणून काहीच कळत नाही, आणि नुसतं 'किती गिअर' विचारून अर्धंच कळतं.

पहिल्याचं बघू. रोड सायकलच्या 11 गिअरच्या हबची बॉडी (कॅसेट जिच्यावर चढते तो खाचांचा नळा) जुन्या 8, 9, 10 गिअरच्या बॉडीपेक्षा 1.85 मिलिमीटर लांब असते. तिच्यावर 8, 9 किंवा 10 गिअरची कॅसेट चढवताना मागे 1.85 मिलिमीटरचा स्पेसर (जागा भरणारी रिंग) घालावाच लागतो. शिमानोच्या काही 10 गिअरच्या रोड कॅसेटना त्याशिवाय 1 मिलिमीटरची वेगळी रिंगही लागते. ती कॅसेटच्या खोक्यात येते आणि खोक्याबरोबरच कचऱ्यात जाते. स्पेसर नसला की लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी आट्यांची रिंग) 40 न्यूटन मीटरला आवळूनही कॅसेट हलते, कारण लॉकरिंग कॅसेटवर न टेकता आधी बॉडीवर टेकलेली असते. कॅसेट हातानं हलवून बघा, मग कॅलिपरनं बॉडीची लांबी मोजा. वाद तिथंच मिटतो.

दुसऱ्याच्या बाबतीत नेमकं उलटं असणार: 11 गिअरची रोड कॅसेट जुन्या आखूड बॉडीवर. शेवटची चक्री खाचांच्या बाहेर राहते, लॉकरिंगला आटे पुरत नाहीत. हे जोरानं आवळून बसवायचं काम नाही. गंमत म्हणजे माउंटन सायकलची 11 गिअरची कॅसेट त्याच जुन्या बॉडीवर बसते, कारण तिची मोठी चक्री आतल्या बाजूला झुकवून आरे टाळलेले असतात.

मग विचारायचं काय? सर्वांत लहान चक्रीला दात किती, हे. 11 किंवा जास्त दात असतील तर शिमानो आणि स्रॅमच्या बहुतेक कॅसेट शिमानोच्या एचजी नावाच्या नेहमीच्या बॉडीवर बसतात, मग गिअर 12 का असेनात. स्रॅमची एनएक्स ईगल ही 12 गिअरची असून एचजीवर बसते. 10 दात असतील तर एचजी बॉडीचा व्यासच आडवा येतो. तिथं शिमानोची मायक्रो स्प्लाइन किंवा स्रॅमची एक्सडी बॉडी लागते, आणि स्रॅमच्या रोड कॅसेटला एक्सडीआर, जी एक्सडीपेक्षा 1.85 मिलिमीटरच लांब. कॅम्पाग्नोलो कंपनीच्या बॉडीच्या खाचा सगळ्यांहून वेगळ्या.

तेव्हा मागणीच्या वहीत तीन रकाने पाडा: गिअर किती, लहान चक्रीचे दात किती, बॉडी कोणती. तिसरा रकाना मोकळा ठेवून आलेली ऑर्डर पाठवू नका, परत फोन करा.

प्रश्न: '26 इंची' टायर पाठवले, दुकानानं परत केले, म्हणे रिमवर चढत नाहीत. असं कसं?

सहज होतं. 26 × 1.75 हा टायर 559 मिलिमीटरच्या रिमचा आणि 26 × 1⅜ हा 590 चा. दोन्ही '26', फरक 31 मिलिमीटरचा. दशांशात लिहिलेला आणि अपूर्णांकात लिहिलेला आकार एकच समजू नका, सायकलच्या दुनियेत गणित असंच आहे. 20 इंचातही तेच: 406 आणि 451. उलट 700सी आणि 29 इंच ही नावं दोन, पण रिम एकच, 622. टायरच्या कडेला 47-559 असा जो आकडा असतो त्यातला पहिला रुंदीचा, दुसरा बसण्याच्या व्यासाचा. यापुढे ऑर्डर त्याच आकड्यानं घ्या.

ट्यूबबरोबर वॉल्वही विचारा. बारीक प्रेस्टा वॉल्वसाठीच्या रिमच्या 6.5 मिलिमीटरच्या भोकात जाड श्रेडर वॉल्व (मोटारीच्या टायरला असतो तसा) जात नाही. कोणी भोक मोठं करून घेतो, मग तीच रिम पुन्हा प्रेस्टावर गेली की वॉल्व भोकात हलतो आणि बुडाशी फाटतो.

प्रश्न: गाडीत काय काय न्यावं?

कॅटलॉग कमी, हत्यारं जास्त. व्हर्निअर कॅलिपर, चेन चेकर, आऱ्यांची लांबी मोजायची पट्टी, छोटा टॉर्क रेंच. एचजी, मायक्रो स्प्लाइन आणि एक्सडी अशा तीन सुट्या बॉडी एका फळीवर बसवून न्या. वरचा कॅसेटचा घोळ हातात देऊन 2 मिनिटांत समजावता येतो. एक नवी आणि एक 1 टक्का लांबलेली चेन शेजारी शेजारी टांगून दाखवा.

ब्रेक पॅड हवाबंद डब्यात, तेल आणि स्प्रेपासून लांब. डिकीत तेलाची बाटली कलंडली की पॅडचे नमुने गेले. तेल प्यायलेला पॅड किंचाळतो आणि धरत नाही. ब्रेकचं मिनरल ऑइल आणि डॉट फ्लुइड वेगळ्या पिशव्यांत ठेवा. अदलाबदल झाली तर सील फुगून लीव्हर अडकतो. लॅटेक्सचं सीलंट आणि पंक्चरचं सोल्यूशन उन्हात बंद गाडीत ठेवू नका. सीलंटच्या गाठी होतात, सोल्यूशन आटतं.

प्रश्न: तुटलेल्या फ्रेमचा किंवा भागाचा दावा दुकानदार माझ्यासमोर ठेवतो. जागेवर काय करावं?

होकारही देऊ नका, नकारही नाही. नोंद करा. चेनच्या बाजूनं अख्ख्या सायकलचा फोटो, फ्रेम नंबरचा फोटो (बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅडलचा आस बसतो त्या नळीच्या, खाली), बिल, आणि तुटीचा फोटो पट्टी शेजारी ठेवून. तुकडे पुसू नका, आणि 'नीट जुळतात का' म्हणून एकमेकांवर घासून तर मुळीच बघू नका. तुटलेल्या पृष्ठभागावरच पुरावा असतो. धातू हळूहळू थकून गेला असेल तर एक भाग गुळगुळीत, बऱ्याचदा मळलेला आणि लाटांच्या रेषा उमटलेला दिसतो, आणि शेवटी तुटलेला भाग खरखरीत, चमकदार. सगळाच भाग ताजा खरखरीत असेल तर एकाच दणक्याचा संशय घ्यावा.

सीट ट्यूबच्या माथ्याशी तडा असेल तर सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढून किती आत होती ते मोजा. पोस्टवर किमान खोलीची खूण असते. ती बाहेर राहिली असेल तर सगळा भार त्या जोडावर येतो, आणि दावा फेटाळला जाण्याचं हे नेहमीचं कारण. खुणेचा फोटो दुकानदारासमोरच काढा म्हणजे नंतर कुरबुर नको. प्रत्येक तुकड्याला दुकान आणि तारखेची चिठ्ठी बांधा. चार दुकानांनंतर डिकीतले सगळे क्रँक (पॅडलचे दांडे) सारखेच दिसतात.

प्रश्न: डेमोसाठी दोन ई-बाइक गाडीच्या मागच्या रॅकवर नेतो. काय सांभाळावं?

आधी रॅकची मर्यादा: एका सायकलीची वेगळी, एकूण वेगळी. दोन्ही वाचा. बॅटऱ्या काढून गाडीत ठेवा. प्रत्येकीचं 3 किलोच्या आसपास ओझं कमी होतं. संपर्काच्या पिना झाका. बॅटरी उन्हात बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी दुकानदार "घेऊन जा" म्हणाला तरी गाडीत घेऊ नका. डिस्क ब्रेकचं चाक काढलं असेल तर ब्रेकच्या कॅलिपरमध्ये (डिस्क चिमटणाऱ्या भागात) स्पेसर घाला, नाहीतर कोणाचा तरी हात लीव्हरवर पडतो आणि पिस्टन एकमेकांना चिकटतात. 20-30 किलोमीटरनंतर थांबून रॅकचे पट्टे पुन्हा ओढा. रॅकमुळे नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, तेही बघा.

चालवायला देण्यापूर्वी पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते मोठ्यानं सांगा. काही देशांत तो उजवीकडे असतो, काहींत डावीकडे, आणि अनोळखी माणूस सवयीनं दाबतो.

प्रश्न: मी दुकानदार. प्रतिनिधी येतात, अर्धा दिवस जातो, हाती काही लागत नाही. मी काय तयारी ठेवावी?

परत करायचा माल एका खोक्यात, प्रत्येकावर कारणाची चिठ्ठी. मागच्या 3 महिन्यांत वारंवार संपलेल्या 10 वस्तूंची यादी. अडकलेले दावे एका कागदावर. आणि मेकॅनिकला 10 मिनिटं मोकळं करा. प्रतिनिधीला खरं उपयोगी तोच सांगेल.

तुमच्या बाजूनं तीनच गोष्टी विचारा: किमान ऑर्डर किती, माल किती दिवसांत येतो, आणि प्रतिनिधी पुढच्या गावाला गेल्यावर फोन कोण उचलतं. सूट मिळते म्हणून डझनानं काही घेऊ नका, विशेषतः हँगर आणि ब्रेक पॅड. पॅडचे आकार भराभर बदलतात आणि फळीवर राहिलेले 10 जोड पुढल्या वर्षी कोणी फुकटही नेत नाही.