प्रयोगशाळेचा प्रश्न: ऑक्सिजन कमी, मग पेशीही कमी का?

प्रश्न: हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशी) २४ तास १ टक्का ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये ठेवल्या. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन ओळखायची चाचणी) हिफ-१ अल्फाची, म्हणजे ऑक्सिजन घटला की पेशीत साठणाऱ्या प्रथिनाची, पट्टी उमटत नाही, वर पेशीही कमी भरतात. कमी ऑक्सिजनमध्ये कर्करोगाची गाठ फोफावते ना? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर: पट्टी बहुधा चेंबरबाहेर आल्यावर नाहीशी होते. हवा लागली की हे प्रथिन पाचेक मिनिटांत निम्म्यावर येतं. ट्रिप्सिनने पेशी सोडवा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा असला घाट घालू नका. प्लेट बाहेर येताच मीडियम (पेशींचं पोषक द्रव) ओतून टाका, बर्फगार पीबीएसने (धुण्याचं खारट द्रावण) एकदाच धुवा, पेशी विरघळवणारा सॅम्पल बफर थेट वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) टाकून खरवडा. एका वेळी एकच प्लेट. सोबत साध्या इन्क्युबेटरमध्ये एका वेलला १०० मायक्रोमोलर कोबाल्ट क्लोराइड सहा तास द्या; ते हवेतही हे प्रथिन टिकवतं. तिथे पट्टी आली तर अँटिबॉडी (ब्लॉटवर हे प्रथिन पकडणारा रेणू) ठीक आहे, चूक वायूची किंवा हाताळणीची.

चेंबरच्या पडद्यावरचा १ टक्का हा चेंबरमधल्या वायूचा आकडा, पेशींपाशी तो लगेच पोचत नाही. सहा वेलच्या प्लेटमध्ये २ मिलिलिटर मीडियम म्हणजे सुमारे २ मिलिमीटर उंचीचा थर. त्यातून आणि प्लास्टिकमधूनही ऑक्सिजन निघून जायला तास लागतात. मीडियम आदल्या रात्रीच चेंबरमध्ये ठेवा. पेशी दाट असतील तर उलट होतं: त्या स्वतःच ऑक्सिजन ओढतात आणि तळाशी तो १ टक्क्याच्याही खाली जातो.

आपल्याकडचा मे महिना वेगळाच. इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. ३७ अंश टिकायला खोली साधारण ३२ च्या आत हवी, तेव्हा एसी चालू ठेवा. मधे वीज गेली आणि चेंबरमध्ये हवा शिरली, तर आकडा परत १ वर आला तरी तो प्रयोग टाकून द्या. नायट्रोजन कोरडा असतो, म्हणून पाण्याचा ट्रे रोज बघा.

पेशी कमी भरणं बरोबरच आहे. ऑक्सिजन घटला की विभाजन मंदावतं, ग्लुकोजचं लॅक्टेट होतं, आम्ल वाढून लाल मीडियम पिवळट पडतं. धोका वेगाचा नाही, तगून राहण्याचा आहे: जवळपास ऑक्सिजनविना असलेल्या पेशी मारायला रेडिएशन उपचारातल्या किरणांची मात्रा अडीच-तीन पट लागते. आणि तुलनेला फक्त साधा इन्क्युबेटर घेऊ नका. तिथे ऑक्सिजन १८-१९ टक्के असतो, बहुतेक ऊतींमध्ये तो त्याहून बराच कमी. ५ टक्क्यांचीही एक प्लेट लावा.

प्रश्न: मग ऑक्सिजनचा सिलिंडर लावला तर गाठ मरेल का? (वाचक, धुळे)

उत्तर: नाही. निरोगी माणसाचं रक्त साध्या हवेतच ऑक्सिजनने जवळपास भरलेलं असतं. अडचण गाठीतल्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांची आहे; त्यातून तो आत नीट पोचत नाही.