शेवाळाचं वेड आणि गणिताचा पेपर

प्रश्न: मी तळोजा एमआयडीसीत एका कारखान्यात बॉयलरवर आहे. राहायला ऐरोलीत. मुलगी अकरावी सायन्सला, गणित-बायो दोन्ही घेतलंय. शेवाळ कारखान्याचा धूर खातं आणि त्यातून डिझेल निघतं, हे वाचल्यापासून तिला त्यातच करिअर करायचंय. बारावीला गणित सोडते म्हणते. यात पोट भरेल का? – एक वडील

उत्तर: नमस्कार. मुलीनं वाचलंय ते खोटं नाही. एक किलो सुकं शेवाळ वाढायला साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि काही सूक्ष्म जातींच्या पेशींत भरपूर तेल साठतं. ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात तेही असल्याच बारीक शेवाळासाठी, तेव्हा तिचा विषय तुमच्या दारातच आहे म्हणा!

आता तुमच्याच बॉयलरचा हिशोब तिच्याकडून करून घ्या. दिवसाला दहा टन कोळसा जळाला, तर ढोबळमानानं वीस टन कार्बन डायऑक्साइड चिमणीतून जातो. उघड्या तळ्यात चांगल्या उन्हात चौरस मीटरला दिवसाला २० ग्रॅम शेवाळ धरलं, तर हेक्टरी २०० किलो, म्हणजे ३६० किलो वायू जिरला. वीस टनांसाठी पंचावन्न हेक्टर तळी! तळोज्यात एवढी जागा कोण देणार? बरं, ते तेल गाडीत जाळलं की कार्बन परत हवेत. वाचतं ते तेवढं खनिज डिझेल.

खरी मेख पाण्यात आहे. लिटरभर पाण्यात शेवाळ जेमतेम अर्धा-एक ग्रॅम. ते गाळायचं, सुकवायचं, तेल काढायचं, आणि खर्च डिझेलच्या भावात बसवायचा. एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीनं २००९ मध्ये यासाठी ६० कोटी डॉलरपर्यंतची घोषणा केली होती. पुढे त्यांनीही हात आखडता घेतला.

ही अडचण सोडवायची तर बायोइतकंच इंजिनिअरिंग लागतं. म्हणून गणित अजिबात सोडू देऊ नका. माझा कौल केमिकल इंजिनिअरिंगला. माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत जैवऊर्जेवर संशोधन करणारं केंद्रच आहे, आणि ऐरोलीहून ठाण्याला गाडी बदलली की रोज जाऊन-येऊन होतं. सीईटी द्यायचीच, जेईई मेनही देऊ दे.

बायोच हवं असेल तर बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी, मग बायोटेकच्या एमएस्सीसाठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा. पण त्या वाटेनं निदान एमएस्सीपर्यंत शिकवायची तयारी ठेवा.

पोटाचं म्हणाल, तर शेवाळाच्या इंधनावर आज नोकऱ्या मोजक्याच, त्याही बहुतेक संशोधनात. धंदा चालतो तो स्पिरुलिना (पूरक आहार म्हणून खातात ते शेवाळ), खाद्यरंग, ओमेगा-३ असल्या महाग मालावर. मात्र बायोरिॲक्टर, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायची टाकी, चालवणं आणि त्यातला माल वेगळा काढणं ज्याला येतं, त्याला औषध आणि लस कंपन्याही घेतात.

सुट्टीत परवानगी काढून तिला तुमच्याकडचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, दाखवा. जिवाणूंकडून कारखान्याचं काम कसं करून घेतात ते तिथे दिसेल, आणि तिथल्या ऑपरेटरला तिला हवं ते विचारू द्या.