हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्याने पिके जोमाने वाढतात, मग हवामान बदल शेतीला फायद्याचाच नाही का?

नाही, वाढीव कार्बन डायऑक्साइडमुळे गहू, भात, सोयाबीन यांचे उत्पादन काही प्रमाणात वाढते हे खरे असले, तरी ही वाढ पूर्वी मानली जात होती तेवढी नसते आणि धान्याचा कसही उतरतो. बंदिस्त काचगृहांतील जुन्या प्रयोगांनी आशा वाढवल्या होत्या. परंतु उघड्या शेतात पिकाभोवती नळ्यांचे कडे उभारून, वाऱ्याचा रोख पाहून वायू सोडण्याचे जे प्रयोग इलिनॉय विद्यापीठासह अनेक ठिकाणी झाले, त्यांच्या २००६ मधील आढाव्यात ही वाढ सुमारे निम्मीच भरली. पुढे हार्वर्ड विद्यापीठाचे सॅम्युअल मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील अशाच शेतांतील धान्य तपासून २०१४ मध्ये दाखवले, की हवेच्या दशलक्ष भागांत ५४६ ते ५८६ भाग कार्बन डायऑक्साइड असताना गव्हातील जस्त ९.३, लोह ५.१ आणि प्रथिने ६.३ टक्क्यांनी घटतात, तर तांदळातील प्रथिने ७.८ टक्क्यांनी. ज्यांचे पोट मुख्यतः धान्यावरच भरते, त्यांच्यासाठी ही घट किरकोळ म्हणता येणार नाही. ज्वारी आणि मका हा वायू पानांतच एकवटून घेत असल्याने त्यांच्या पोषणमूल्यावर परिणाम कमी दिसला. पण त्याच कारणाने, पाण्याचा ताण नसेल, तर त्यांना उत्पादनातही फारसा लाभ होत नाही. मात्र हे आकडे केवळ वायूच्या परिणामाचे आहेत, त्यांत वाढत्या उष्णतेचा व अवर्षणाचा हिशेब नाही. शिवाय भाताच्या वाणावाणांत बराच फरक आढळला, त्यामुळे वाणांच्या निवडीतून काही नुकसान रोखता येण्याजोगे आहे.