आधी दाखल रजिस्टर, मग संगणक : सीमाभागातील ग्रंथपालांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या वाचनालयात सुमारे नऊ हजार पुस्तके आहेत. काही वर्षांपूर्वी एका होतकरू मुलाने निम्म्या पुस्तकांची यादी संगणकावर टाइप करून दिली. ती आता दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नवीन सॉफ्टवेअर घ्यावे का, आणि कोणते? – मानद ग्रंथपाल, खानापूर तालुका

उत्तर : ती यादी युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती) येण्यापूर्वीच्या पद्धतीच्या एखाद्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली असणार. अशा फाँटमध्ये अक्षर मराठी दिसत असले तरी संगणकाच्या पोटात ते इंग्रजीच असते, त्यामुळे फाँट नाहीसा झाला की खरे रूप बाहेर येते. यादी वाया गेलेली नाही. जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणारी साधने मोफत मिळतात. मात्र बदललेली यादी डोळे मिटून स्वीकारू नये. पहिली शंभर नावे हातात दाखल रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकाने नोंद होते ती वही) घेऊन एकेक ताडून पाहावीत, म्हणजे हे साधन नेमके कुठे अडखळते ते कळते. बहुतेकदा ते रफार, जोडाक्षरे आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र यांच्यापाशी अडखळते.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. ‘ॲ’ हे अक्षर काही कळफलक एका संकेताने नोंदवतात, तर काही ‘अ’ आणि त्यावरचा चंद्र अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. ‘बेळगाव’ आणि ‘बेळगांव’ यांचेही तेच. तेव्हा लेखनाचे नियम एका कागदावर लिहून तो टेबलाजवळ चिकटवावा आणि टाइप करणाऱ्या प्रत्येकाने इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा एकच प्रमाण कळफलक वापरावा.

आता सॉफ्टवेअर. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ मुख्यत्वे शासकीय ग्रंथालयांसाठी आहे. आपल्यासारख्या संस्थेच्या वाचनालयाला ‘कोहा’ अधिक सोयीचे. न्यूझीलंडमधल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी तयार झालेले हे सॉफ्टवेअर २००० सालच्या जानेवारीत प्रथम वापरात आले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि ते खरोखरच विनाशुल्क आहे. युनिकोडवर चालत असल्यामुळे मराठी, कन्नड आणि इंग्रजी नोंदी एकाच तालिकेत सुखाने नांदतात. देवघेव वाचनालयातल्याच संगणकावर चालवली तर इंटरनेट गेले म्हणून काम अडत नाही. खर्च होतो तो लिनक्स ही संगणकप्रणाली जाणणाऱ्या माणसावर, त्यामुळे असा माणूस हाताशी येईपर्यंत घाई करू नये. तोपर्यंत दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत आणि वर्गांक अशा साध्या रकान्यांच्या तक्त्यात यादी पूर्ण करावी. पुढे ती ‘मार्क’ या ग्रंथालयीन नोंदींच्या ठरावीक स्वरूपात बदलून कोहामध्ये चढवता येते. पुस्तकांना विषयवार क्रमांक म्हणजे वर्गांक देण्याच्या ड्युई पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आणि कन्नड साहित्याचा ८९४.८१४ आहे, म्हणजे दोघांची कपाटे शेजारीच येतात.

आणि यादीची दुसरी प्रत वाचनालयाच्या बाहेर कुणाच्या तरी घरी असू द्यावी. मी एकदा मूळ यादी आणि तिची प्रत एकाच संगणकात ठेवली होती. तो बिघडला आणि चार महिन्यांचे काम एका दुपारी गेले.

प्रश्न : आमच्या गावापासून चंदगड तालुका हाकेच्या अंतरावर आहे. तिकडच्या वाचनालयांना दरवर्षी अनुदान मिळते, आम्हाला का नाही? आम्ही कोणाकडे जावे? – सचिव, बाची परिसर

उत्तर : चंदगड तालुक्यातल्या शिनोळीच्या वाचनालयाला जो कायदा लागू होतो तो बाचीला होत नाही, हे कितीही टोचले तरी अर्ज लिहिताना गृहीत धरावे लागते. ‘अ’ ते ‘ड’ वर्गांनुसार मिळणारे ते अनुदान महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालचे असून त्या राज्याच्या हद्दीतच चालते. आपल्याकडे १९६५ चा कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. स्थानिक संस्था मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर वसूल करतात आणि त्यावर प्रामुख्याने शासनाची स्वतःची ग्रंथालये चालतात. ग्रामपंचायतींची वाचनालये २०१९ मध्ये ग्रामविकास व पंचायत राज खात्याकडे गेली, त्यामुळे गावातल्या वाचनालयाविषयीचे बोलणे आता पंचायत विकास अधिकाऱ्यापासून सुरू करावे.

लोकांनी चालवलेल्या वाचनालयाला खरा आधार आहे तो कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचा. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था १९७२ पासून काम करते. तिच्या काही योजनांत राज्य सरकारचा वाटा लागतो, काहींत लागत नाही. ग्रंथालय सेवा देणाऱ्या स्वयंसेवी संस्था, बालविभाग, तसेच सुवर्णमहोत्सव किंवा शताब्दीसारखी वर्षे यांसाठीचे साहाय्य दुसऱ्या प्रकारात मोडते. आपले शंभरावे वर्ष जवळ आले असेल तर ते केवळ स्मरणिकेवर आणि शालींवर घालवू नये.

कागदपत्रे मात्र आज जमवायला घ्यावीत : संस्थेचे नोंदणीपत्र, दरवर्षीचे लेखापरीक्षित हिशेब, जागेचा पुरावा, नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’वरील नोंद आणि अर्थातच अद्ययावत दाखल रजिस्टर. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी (सीएसआर) याशिवाय धर्मादाय संस्था म्हणून आणि देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून अशा आयकराच्या दोन नोंदण्या (१९६१ च्या आयकर कायद्यातल्या १२ए आणि ८०जी) व कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची, १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेली सीएसआर-१ नोंदणी लागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखानदार मदत करू म्हणाला आणि आपल्याकडे हे क्रमांकच नसले, तर त्याची इच्छा असूनही पैसे येत नाहीत. राज्य शासनाच्या खात्याकडे जाणारा अर्ज कन्नडमध्ये असावा. त्याने आपल्या मराठीपणाला काही बाधा येत नाही, आणि कागद या टेबलावरून त्या टेबलावर लवकर सरकतो.

प्रश्न : मी बारावी झाले असून चौदा वर्षे वाचनालयात काम करते. वय पंचेचाळीस. आता शिकून काही उपयोग आहे का? – साहाय्यक, निपाणी

उत्तर : ताई, आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा ग्रंथालय शास्त्रातील सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो आणि वयाची आडकाठी येत नाही. पदवी झाली तर पुढे त्याच विद्यापीठातून ग्रंथालय शास्त्राची पदवीही घेता येते. कोहा शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे मोफत धडे आहेत. एक धडा पाहायचा, थांबवायचा आणि तेच आपल्या संगणकावर करायचे, अशी त्यांची रीत आहे. राष्ट्रीय ग्रंथालय अभियानातही सार्वजनिक ग्रंथालयांच्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हा एक भाग आहे.

आपल्या कार्यकारिणीसाठी चार शब्द. प्रशिक्षणाचे पत्र आले की अध्यक्ष किंवा सचिव जातात आणि रोज देवघेव पाहणारी व्यक्ती मागे राहते, हे मी अनेकदा पाहिले आहे. प्रवासखर्च आणि त्या दिवसांचे मानधन देऊन ताईंनाच पाठवावे.

प्रश्न : अमेरिकेत स्थायिक झालेला आमचा माजी सभासद मोठी देणगी देऊ इच्छितो. थेट खात्यात घ्यावी का? – कोषाध्यक्ष, बेळगाव शहर

उत्तर : आधी त्यांचा पासपोर्ट विचारावा. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय (भारतीय मूळ असलेल्या विदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी ती विदेशी देणगीच होते. त्यासाठी एफसीआरए म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते लागते. हे नसेल तर एक रुपयाही घेऊ नये.

प्रश्न : जुन्या पुस्तकांची पाने हात लावताच तुटतात. ती स्कॅन करून सर्वांसाठी खुली केली तर चालेल का? – ग्रंथपाल, चिकोडी

उत्तर : हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्या संग्रहात छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली आहे. ती प्रत इंटरनेटवर सर्वांना देणे ही निराळी बाब झाली. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे हक्क टिकतो. तो संपलेलाच ग्रंथ निर्धास्तपणे खुला करता येतो. अनुवाद असेल तर अनुवादकाचे वर्षही पाहावे.

काम पावसाळ्यात काढू नये. आपल्याकडच्या दमट हवेत पाने एकमेकांना चिकटतात. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा बरी. पुस्तक पूर्ण सपाट उघडण्याचा हट्ट धरला की बांधणी मोडते, म्हणून दोन्ही पुठ्ठ्यांखाली उशी देऊन ते अर्धेच उघडावे. तुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, तिचा पिवळा डाग पुढे अक्षरेच खातो. स्कॅन तीनशे डीपीआयवर (दर इंचाला तीनशे ठिपके) करावे आणि प्रत्येक फाइलला पुस्तकाच्या नावाऐवजी दाखल क्रमांक द्यावा, कारण एकाच नावाची तीन पुस्तके कपाटात सहज निघतात.